न सांगता चालणारा कारभार : स्वायत्त चेतासंस्था आणि लाल विंचवाने शिकवलेला धडा



दवाखान्यात रुग्णाच्या खाटेला एक तक्ता लटकवलेला असतो. नर्स दर काही तासांनी येऊन त्यात ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब लिहून जाते. बऱ्याच नातेवाइकांना वाटते, ही रीतीची नोंद आहे. तसे नाही. या चारही गोष्टी शरीरातली एकच यंत्रणा सांभाळते आणि तो तक्ता म्हणजे त्या यंत्रणेचे हजेरीपत्रक असते. तिचे नाव स्वायत्त चेतासंस्था. नाव अवघड आहे, पण तिचे काम आपण रोज अनुभवतो. ते समजले तर विंचू चावला, ऊन लागले, चक्कर आली किंवा साखर उतरली अशा वेळी काय करायचे आणि काय करायचे नाही, हेही समजते. म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांनी तो घरात मोठ्याने वाचून दाखवावा.

ही यंत्रणा म्हणजे काय?

चेता म्हणजे निरोप नेणारा मज्जातंतू. आपण बोलीत 'नस' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांची गल्लत होते. इथे रक्ताची नस नव्हे, निरोपाची तार समजा.

हात उचलणे, चालणे, बोलणे ही कामे आपण ठरवून करतो. पण हृदयाने ठोका कधी द्यायचा, जेवण पुढे कसे सरकवायचे, घाम कधी सोडायचा, डोळ्याची बाहुली किती उघडायची, हे आपण ठरवत नाही. आपण झोपलो तरी हा कारभार चालू राहतो. तो पाहणाऱ्या चेतांच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. स्वायत्त म्हणजे आपल्या हुकमाची वाट न पाहणारी.

याचा अर्थ तिच्यावर कुणी वरिष्ठ नाही, असा नाही. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा छोटा भाग आहे. तापमान, तहान, भूक यांचा हिशेब तो ठेवतो. त्याच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला मस्तिष्कपुच्छ आहे. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि श्वास यांची केंद्रे तिथे आहेत. मानेला किंवा डोक्याच्या मागच्या भागाला मार लागलेल्या माणसाला अपघातानंतर ओढू नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. मान हलवली तर तिथला मज्जारज्जू दुखावतो आणि श्वाससुद्धा बंद पडू शकतो.

दोन शाखा

या यंत्रणेच्या दोन मुख्य शाखा आहेत : अनुकंपी आणि परानुकंपी.

अनुकंपी शाखा मेरुरज्जूच्या मधल्या भागातून, म्हणजे छातीच्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या खंडापर्यंत निघते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना तिच्या गाठींची माळ असते. या गाठींना चेतागुच्छिका म्हणतात. तिथे एक तार संपते, दुसरी सुरू होते आणि पुढे अवयवापर्यंत जाते. माळेसारखी जोडणी असल्यामुळे एक इशारा मिळाला की सगळ्या शरीरात एकदम निरोप जातो.

तिचे काम संकटाच्या वेळचे आहे. रात्री कुत्रे अंगावर धावून आले तर काय होते ते आठवा. छाती धडधडते, श्वासनळ्या रुंदावतात, बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडे पडते, अंगावर काटा येतो, हात गार पडतात, घाम फुटतो. पोटाकडचे आणि कातडीकडचे रक्त कमी करून ते पायांच्या स्नायूंकडे वळवले जाते. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. लढा किंवा पळा, या दोन्हींसाठी शरीर तयार होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचा बारकाईने अभ्यास केला.

परानुकंपी शाखा दोन टोकांतून निघते : वर मेंदूतून आणि खाली माकडहाडाच्या वरच्या भागातून. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी तिसरी, सातवी, नववी आणि दहावी या चार जोड्यांत तिच्या तारा असतात. दहावी चेता म्हणजे व्हेगस. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. ती गळ्यातून उतरून हृदय, फुप्फुसे, जठर आणि बऱ्याचशा आतड्यापर्यंत भटकून येते. या शाखेच्या गुच्छिका अवयवाच्या जवळ किंवा अवयवातच असतात. त्यामुळे ती एकेका अवयवाशी स्वतंत्रपणे बोलते. हृदय शांत करणे, लाळ सोडणे, अन्न पचवणे, शौच-लघवी होऊ देणे ही तिची कामे. जेवून निवांत बसलेल्या माणसाचे शरीर तिच्या ताब्यात असते.

एक चांगली आणि दुसरी वाईट, असे समजू नका. दोन्ही सतत चालू असतात, कधी एकीचा जोर जास्त तर कधी दुसरीचा. आतड्याच्या भिंतीत चेतांचे आणखी एक स्वतःचे जाळे आहे. त्याला अनेक जण तिसरी शाखा मानतात.

निरोप रसायनाचा

तार संपते तिथे आणि अवयवात किंचित फट असते. ती फट निरोप कसा ओलांडतो? ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित करून त्याचा वेग कमी केला आणि त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याचाही वेग कमी झाला! म्हणजे पाण्यात कसले तरी रसायन उतरले होते. ते अॅसिटिलकोलीन. या शोधासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपल्याला माहीत आहे की परानुकंपी शाखा अवयवापाशी अॅसिटिलकोलीन सोडते आणि अनुकंपी शाखा बहुतेक ठिकाणी नॉरअॅड्रिनलीन सोडते. घामाच्या ग्रंथी याला अपवाद आहेत. त्यांच्याकडे तारा अनुकंपी शाखेच्या, पण रसायन अॅसिटिलकोलीन. शिवाय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटात अॅड्रिनलीन थेट रक्तात सोडतात. ही दोन-तीन नावे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातला धडा

ही यंत्रणा बिघडली तर काय होते, याचे जगाने अभ्यासलेले उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. त्याच महाडच्या परिसरात कोकणातला लाल विंचू शेकडो घरांचा काळ झाला होता.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसे येत, त्यांत मुले पुष्कळ. काही तासांत त्यांना धाप लागे, तोंडाला फेस येई आणि ती दगावत. त्या काळी विंचूदंशावर नेमका उपचार नव्हता. डॉ. बावस्कर रुग्णांच्या खाटेजवळ बसून राहिले आणि नाडी, रक्तदाब, श्वास, घाम यांची तासातासाची नोंद करत गेले. त्यांच्या लक्षात आले की ओकारी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे आणि पुरुष रुग्णात लिंग ताठ राहणे ही लक्षणे दिसली, तर पुढे हृदयाला धोका आहे. हे निरीक्षण १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

असे का होते? लाल विंचवाचे विष चेतांच्या भिंतीतली दारे उघडी ठेवते. मग तारा थांबायचे नाव घेत नाहीत आणि दोन्ही शाखांतून रसायनांचा पूर येतो. सुरुवातीला अॅसिटिलकोलीनचा जोर असतो, म्हणून ओकारी, लाळ आणि घाम. पाठोपाठ अॅड्रिनलीन आणि नॉरअॅड्रिनलीनची लाट येते आणि ती बराच वेळ टिकते. सगळ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय बर्फासारखे पडतात, रक्तदाब चढतो. पाण्याची मोटार चालू ठेवून पुढचा कॉक बंद केला तर मोटारीचे जे होईल, ते हृदयाचे होते. ते थकते, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरते. तोंडाला येणारा फेस तोच. डॉक्टर मंडळी याला स्वायत्त वादळ म्हणतात.

कारण कळल्यावर उपाय सुचला. प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात होती. नॉरअॅड्रिनलीन रक्तवाहिनीवर ज्या ठिकाणी काम करते, ती जागा ही गोळी अडवते. म्हणजे बंद कॉक उघडते. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशात वापरली आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आले. ही गोळी महागडीही नाही. पुढे मुंबईच्या हाफकिनने तयार केलेली विंचूविषावरची लसही उपलब्ध झाली. महाडला ७० रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण तेवढ्या वेळात बरे झाले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

या साऱ्या कामाची सुरुवात नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदीने, म्हणजे खाटेला लटकवलेल्या त्या तक्त्यानेच झाली.

विंचू चावला तर

आपल्या वस्त्यांत विटा, दगड, लाकूडफाटा, पत्रे यांचे ढीग असतात. पनवेलच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवर आणि वीटभट्ट्यांवर तर विंचू नेहमीचाच. म्हणून :

• रुग्णाला आडवे झोपवा, चालवू नका, पळवू नका. भीतीने अनुकंपी शाखा आणखी खवळते, म्हणून धीर द्या.
• दंशाची जागा कापू नका, चोखू नका, वर दोरी आवळू नका. मंत्र, उतारा, झाडपाला यांत एक मिनिट घालवू नका.
• १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. चावल्याची वेळ लिहून ठेवा.
• ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय दिसले तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. ताठरपणाचे लक्षण लाजेने लपवू नका.
• ठणका कमी आहे म्हणून घरी थांबू नका. विष अंगभर पसरलेल्या रुग्णात दंशाच्या जागी ठणका कमीही असू शकतो.
• प्राझोसिन स्वतःच्या मनाने देऊ नका. ती किती द्यायची आणि कधी द्यायची, हे डॉक्टर रक्तदाब पाहून ठरवतात. गोळी घेतल्यावर रुग्णाला उठवून बसवू नका, दाब एकदम उतरू शकतो.

तोच घाम, उपचार उलटा

कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, लाळ आणि ओकारी दिसते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचा जीव गेला. फवारणीच्या औषधांत ऑरगॅनोफॉस्फरस गटाची औषधे असतात. अॅसिटिलकोलीनचे काम झाल्यावर ते मोडून टाकणारा एक पदार्थ शरीरात असतो. ही औषधे त्यालाच निकामी करतात. मग अॅसिटिलकोलीन साचत जाते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, जुलाब, स्नायू फडफडणे आणि शेवटी श्वास अडकणे.

इथे अॅट्रोपीनचे इंजेक्शन जीव वाचवते, कारण ते अॅसिटिलकोलीनला अडवते. तेच अॅट्रोपीन लाल विंचवाच्या दंशात दिले तर हृदयावरचा लगाम सुटतो आणि नुकसान होऊ शकते. लक्षणे सारखी दिसली तरी औषध एक नसते, ते यासाठी. म्हणून रुग्णालयात जाताना औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्या. शेतावरचे औषध ढेकणांसाठी घरात आणि उवांसाठी मुलांच्या डोक्याला कधीही वापरू नका. हे विष कातडीतूनही आत जाते.

उन्हाचा तडाखा

१६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेजारच्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. ते आपल्यासारखेच साधे लोक होते.

अंग तापले की अधश्चेतक दोन हुकूम सोडतो : कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद करा आणि घाम सोडा. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. पण आपल्याकडे खाडी जवळ, हवा दमट. घाम गळतो, वाळत नाही. त्यात पाणी कमी पडले तर घामही आटतो. म्हातारी माणसे, मधुमेही आणि हृदयरोगी यांची ही यंत्रणा आधीच सुस्त झालेली असते. शरीर ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला बोलवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आपली जयंती एप्रिलच्याच उन्हात येते. मिरवणूक संध्याकाळी ठेवा, पाण्याची आणि सावलीची सोय आधी करा, वृद्धांना आणि लहानांना तासन्‌तास उभे ठेवू नका. मंडळाच्या बैठकीत डीजेच्या आधी हा विषय घ्या.

घरातल्या चार गोष्टी

१. उठताना चक्कर : आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे उतरते. अनुकंपी शाखा लगेच रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळते. तिला उशीर झाला की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे 'बाहेरचे' काही नाही, कुणाची नजरही नाही. अशा माणसाला आडवे करून पाय उंच करा. दाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि वृद्धांनी आधी बसावे, मग उठावे. वारंवार होत असेल तर झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा दाब तपासून घ्या.

२. मधुमेह : साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या बारीक तारा खराब होतात. मग उठताना दाब उतरतो, पोट फुगते, पायाचा घाम बंद होऊन टाचा फुटतात. सगळ्यात धोक्याचे म्हणजे हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखत नाही, नुसती धाप आणि घाम येतो. मधुमेही माणसाला अचानक असे झाले तर 'गॅस झाला' म्हणून थांबू नका. गोळी किंवा इन्शुलीन घेऊन जेवण चुकले आणि थरथर, धडधड, घाम सुरू झाला, तर ती अनुकंपी शाखेची हाक असते, साखर उतरली आहे. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या.

३. लघवी रोखणे : मूत्राशय भरत असताना अनुकंपी शाखा त्याला सैल ठेवते. भरल्यावर परानुकंपी शाखा त्याला आकुंचन पावायला सांगते. बाहेरचे दार मात्र आपल्या हुकमात असते. वस्तीत शौचालय लांब, दिवा नाही, दार तुटलेले, म्हणून आपल्या बायका आणि मुली ते दार तासन्‌तास बंद ठेवतात आणि पाणीही कमी पितात. त्यातून जळजळ, जंतुसंसर्ग होतो आणि तो पुढे मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. हा दोष त्यांच्या सवयीचा नाही. शौचालय, दिवा आणि पाणी मागणे हे आरोग्याचेच काम आहे. महिला मंडळांनी अर्जात हे कारण स्पष्ट लिहावे.

४. रोजचा ताण : कुत्रे निघून गेले की धडधड थांबते. पण घर तुटण्याची नोटीस, सुटलेली नोकरी, सावकाराचा तगादा, घरातली मारहाण ही संकटे निघून जात नाहीत. अनुकंपी शाखा सतत जागी राहते, झोप उडते, दाब चढा राहतो, पचन बिघडते. 'काळजी करू नका' एवढे सांगून हे थांबत नाही, संकटावरच उपाय करावा लागतो. तोवर शरीराला उसंत देणे मात्र आपल्या हाती आहे.

त्यासाठी एक प्रयोग करा. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंद होते. तरुणांत हा फरक जास्त स्पष्ट कळतो. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो, म्हणून असे होते. या साऱ्या कारभारात श्वास एवढेच काम असे आहे, जे आपोआपही चालते आणि आपल्या मर्जीनेही. विहारात आनापान करणाऱ्यांना त्यानंतर येणारी शांतता माहीत आहेच, तिचे शरीरातले कारण हे असे आहे. मात्र ध्यान करतो म्हणून दाबाची किंवा साखरेची गोळी बंद करायची नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

विहारातल्या किंवा घरातल्या वाचनानंतर ही उत्तरे आपल्या शब्दांत सांगून पाहा :

१. अनुकंपी आणि परानुकंपी शाखा शरीराच्या कोणत्या भागांतून निघतात?
२. विंचू चावलेल्या माणसाचे हातपाय गार का पडतात? प्राझोसिन नेमके काय करते?
३. विंचूदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा, दोन्हींत घाम येतो. मग औषध वेगळे का?
४. दमट हवेत ऊन जास्त का बाधते?
५. मधुमेही माणसाला छातीत न दुखता धाप लागली तर काय करावे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालासुद्धा, तोंडपाठ असावे : आडवे-तिडवे उपाय न करता १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय.

जयभीम!